‘तुझ्या’मधील ‘तु’ लघु की गुरू?

प्रश्न

शाळा सोडून बरीच वर्षे झाल्यानंतर मी वृत्तबद्ध लेखनाचा प्रयत्न करीत आहे. सुरुवात भुजंगप्रयातापासून केली, कारण ‘मनाचे श्लोक’ पाठ असल्यामुळे त्याची चाल कानात बसलेली आहे. चार ‘य’ गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट), म्हणजे चरणात बारा अक्षरे आणि ‘लगागा’ चार वेळा, एवढे मला ठाऊक आहे; ‘ल’ म्हणजे लघु, आखूड उच्चाराचे अक्षर, आणि ‘गा’ म्हणजे गुरू, लांब उच्चाराचे. माझी ओळ अशी आहे :

तुझ्या अंगणी चांदणे सांडले हे

त्या चालीवर ती कोठेही न अडखळता म्हणता येते; मात्र कागदावर गण पाडायला बसले की पहिल्याच अक्षराशी अडते. जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर गुरू, या नियमाने ‘झ्या’च्या आधीचा ‘तु’ गुरू होतो आणि पहिला गण ‘य’ न राहता ‘म’ (तिन्ही अक्षरे गुरू) ठरतो. कान खरा मानावा की नियम? शिवाय, चांदणे सांडत नाही, पसरते, म्हणून ‘पसरले’ लिहावे असे एका परिचितांनी सुचविले आहे. त्याविषयीही मत हवे.

उत्तर १

आपला कान बरोबर आहे आणि नियमही. फक्त नियम आपल्याला अर्धाच आठवत आहे. पूर्ण नियम असा की, जोडाक्षराच्या उच्चाराचा आघात मागील ऱ्हस्व अक्षरावर येत असेल तरच ते गुरू मानावे. रामदासांचीच ओळ घ्या : ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’. येथे ‘सज्जना’ म्हणताना पहिला ‘ज्’ मागच्या ‘स’ला जाऊन चिकटतो, ‘भक्ति’मधला ‘क्’ ‘भ’ला चिकटतो, म्हणून ‘स’ आणि ‘भ’ दोन्ही गुरू होतात आणि ओळ लगागा लगागा लगागा लगागा अशी नेमकी बसते. ‘तुझ्या’ म्हणताना असे काही घडत नाही. ‘झ्या’ हा एकाच झटक्यात उच्चारला जातो आणि ‘तु’ मोकळा राहतो. संतांच्या रचनांत ‘तुझिया’ असे सुटे रूप भेटते, ते डोळ्यांसमोर ठेवले की कारण लक्षात येईल. ‘पुन्हा’, ‘तुम्ही’, ‘दिव्याचे’ या शब्दांतही पहिले अक्षर लघुच राहते. उलट ‘कन्या’ आणि ‘विद्या’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे आघात कशाला म्हणतात ते कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.

जाता जाता आणखी एक सूचना. जुन्या छपाईत ‘हंसणे’ असे अनुस्वार देऊन लिहिलेले आढळेल. तो अनुस्वार उच्चारला जात नाही, त्यामुळे तेथे ‘हं’ला गुरू मोजू नये. पक्षी असलेल्या ‘हंसा’चा ‘हं’ मात्र गुरू आहे.

उत्तर २

‘सांडले’ कृपया बदलू नका. ‘पसरले’ घातल्यास अक्षरे तेरा होतात आणि तिसरा गण ‘दणेप’ म्हणजे ‘ज’ गण (लगाल) होतो. पण वृत्त बाजूला ठेवले तरी तो बदल तोट्याचाच आहे. चांदणे सांडू शकत नाही, हे आपल्या परिचितांचे म्हणणे खरे आहे आणि ओळीचे बळ नेमके त्यातच आहे. शब्दाच्या मूळ अर्थाला बाध आला की मन दुसरा, जवळचा अर्थ शोधू लागते. यालाच आपल्या काव्यशास्त्रात लक्षणा म्हणतात. ‘दुधासारखे’ किंवा ‘जणू’ असा एकही शब्द न वापरता केवळ क्रियापदाने चांदण्याला पातळ, ओघळणारे केले आहे. याला कोणी चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीवाला सजीवासारखे वागविणारा अलंकार, म्हणेल, तर ते मला मान्य नाही, कारण सांडणारा पदार्थही निर्जीवच असतो.

नादाकडेही लक्ष द्या. पहिल्या तिन्ही गणांचे शेवटचे अक्षर अनुस्वारयुक्त गुरू आहे : अं, चां, सां. तिन्ही ठिकाणी टिंब एकच, उच्चार मात्र ‘अंगणी’त ङ्, ‘चांदणे’त न् आणि ‘सांडले’त ण् असा निरनिराळा होतो. हे आपण ठरवून केले नसेल, तर उत्तमच.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरे मान्य आहेत, तरी एवढे जोडतो की ही लघु-गुरूची चिंता सगळ्याच मराठी रचनेला लागू नाही. ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’ या तुकोबांच्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे मोजायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक सांभाळायचे. ‘कर’मधली दोन्ही अक्षरे लघु आहेत याने तेथे काही बिघडत नाही. गणवृत्त जड वाटू लागल्यास काही दिवस अभंग लिहून पाहावेत.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. अनुस्वार ठरवून घातलेले नव्हते. ‘पुन्हा’ लघूने सुरू होतो हे कळल्यावर दुसरी ओळ सुचली :

पुन्हा कोणि दारी दिवे मांडले हे

येथे ‘कोणी’चे ‘कोणि’ करावे लागले. हे चालेल का?

उत्तर १

चालेल, वृत्तासाठी इतकी सूट मराठी कवी नेहमीच घेत आले आहेत, आणि बोलताना तो ‘णी’ आपण तसाही फारसा लांबवीत नाही. छापताना मात्र ‘कोणि’ असेच छापावे, म्हणजे वाचणाऱ्याचा गण चुकणार नाही.