राजीनाम्याआधी रुजू झाल्याची तारीख बघा
"ऑफर हातात आली की त्याच दिवशी राजीनामा टाका" हा सल्ला मला अर्धाच पटला. विमा कंपनीतलं क्लेम्सचं, म्हणजे भरपाईच्या दाव्यांचं, काम सोडावं, यात वाद नाही. मी म्हापशाला मोटर क्लेम्स बघायचो. जुलैत इंजिनात पाणी शिरलेल्या गाड्यांची रांग, आणि 'इंजिन प्रोटेक्ट' (इंजिनाच्या नुकसानीचं जादा विमा कवच) घेतलं नव्हतं म्हटलं की मालक भडकायचे. नियम कंपनीचे, शिव्या मला!

पण मी नोकरी घाईत 4 वर्षं 4 महिन्यांवर सोडली. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) साधारण 5 वर्षं लागतात. तिचा हिशोब: शेवटचा महिन्याचा बेसिक पगार अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. ती गेलीच. वेर्ण्याच्या नव्या कंपनीने थांबायची तयारी दाखवली असती, मी विचारलंच नाही.