तळघरातील खड्ड्याचा पंप एका पावसाळ्यात दोनदा जळाला : पंप बदलावा की खड्डा? (सांगली)

नमस्कार.

सांगलीत शामरावनगर भागात आमची बारा सदनिकांची इमारत असून तिच्या तळघरात गाड्या लावण्याची सोय आहे. झिरपून आलेले पाणी गोळा व्हावे म्हणून तळघराच्या एका कोपऱ्यात खड्डा केलेला आहे आणि त्यात अर्ध्या एचपीचा सबमर्सिबल पंप सोडलेला आहे. आपल्याकडे ‘संप’ म्हटले की पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी डोळ्यांपुढे येते, म्हणून आधीच सांगतो की हा खड्डा केवळ झिरप्याच्या पाण्याचा आहे. सोसायटीचा सचिव या नात्याने त्याची देखभाल माझ्याकडे आली, आणि या पावसाळ्यात दोन वेळा मोटारीचे वाइंडिंग जळाल्यामुळे सभासदांना काय उत्तर द्यावे, हेच मला कळेनासे झाले आहे.

खड्डा विटांचा व गोल असून त्याचा व्यास दोन फूट आणि खोली अडीच फूट आहे. तळाला काहीही घातलेले नाही, नुसती काळी माती आहे. पंप थेट त्या मातीवर बसतो आणि बाहेर काढला की त्याची जाळी लोण्यासारख्या गाळाने माखलेली असते. दोन इंची पाइप सुमारे चौदा फूट सरळ वर जाऊन कुंपणाच्या भिंतीलगतच्या गटारात सुटतो. पूर्वी पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे परत येऊ न देणारी झडप) होता. परंतु मध्यंतरी पंप चालू असूनही पाणी येईना, तेव्हा मेकॅनिकने ‘पंप एअर पकडतोय’ असे सांगून तो व्हॉल्व्हच काढून टाकला. पाणी लगेच सुरू झाले, आणि त्या दिवशी त्याचे आम्ही सर्वांनी कौतुकही केले.

रविवारी मी घड्याळ घेऊन खड्ड्यापाशी बसलो. पंप बंद ठेवला असता पाणी पाच इंच चढायला दोन मिनिटे लागतात. चालू ठेवला असता तो पंचवीस सेकंद चालतो, फ्लोट (पाण्याच्या पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच) खाली आला की थांबतो, थांबताक्षणी पाइपातून घळघळ आवाज होऊन खड्ड्यातील पाणी इंचभर वर येते, आणि दीड मिनिटात पंप पुन्हा सुरू होतो. दिवसरात्र हेच चालते. पाऊस उघडल्यावरही हे पाणी दिवाळीपर्यंत टिकते.

मेकॅनिकच्या मते एक एचपीचा पंप बसवला की प्रश्न मिटेल. तसा खर्च करण्यापूर्वी मला जाणकारांचे मत हवे आहे. शिवाय पावसात नेमकी लाईट जाते, तेव्हा इन्व्हर्टर घ्यावा का. आणि २०१९ व २०२१ प्रमाणे महापुराचे पाणीच तळघरात शिरू लागले, तर पंप चालू ठेवावा का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार सचिवसाहेब. मी साताऱ्यात पंप बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो. आमच्याकडे डोंगरउतारावरचे पाणी तळघरात येते, तुमच्याकडे काळ्या रानातले. पण मोटार दोन्हीकडे एकाच कारणाने जळते. तुम्ही मोजमाप करून विचारले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

दोन फूट व्यासाच्या खड्ड्यात पाच इंचांत सुमारे ३७ लिटर पाणी मावते, म्हणजे तुमच्याकडे मिनिटाला अठरा-एकोणीस लिटर पाणी येते. हे पाणी मुळीच जास्त नाही आणि अर्ध्या एचपीच्या पंपाला ते सहज उपसते. अडचण अशी की तुमचा पंप दोन मिनिटांत एकदा, म्हणजे तासाला तीस आणि दिवसाला सातशेहून अधिक वेळा सुरू होतो. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि तेवढी तापते. त्यानंतर ती पुरेशी थंड होण्याआधीच पुढचा झटका बसतो. एक एचपीचा पंप बसवलात, तर हाच खड्डा तो आणखी लवकर रिकामा करील आणि आणखी लवकर थांबेल, म्हणजे दुखणे तेच राहून बिल तेवढे वाढेल.

इंचभर पाणी परत येते, ते पाइपातले आहे. दोन इंची पाइपात दर मीटरला दोन लिटर पाणी राहते, म्हणून चौदा फुटांत सुमारे साडेआठ लिटर. ३७ लिटर उपसायचे आणि त्यांतले साडेआठ पुन्हा खड्ड्यात घ्यायचे, असा हा व्यवहार चालला आहे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह परत बसवा. पंपाने एअर पकडली होती, ती व्हॉल्व्ह आणि पंप यांच्यामध्ये हवा कोंडली म्हणून. ती बाहेर पडावी म्हणून त्या मधल्या पाइपाला, खड्ड्याच्या तोंडाखाली, एक सुताचे (इंचाच्या आठव्या भागाएवढे) भोक पाडायचे असते. पंप चालताना त्यातून बारीक पिचकारी उडेल, ती उडू द्यावी. व्हॉल्व्हच्या वर युनियन (खोलता येणारा सांधा) घाला, म्हणजे पंप काढताना दरवेळी पाइप कापावा लागणार नाही.

खड्डा मात्र नवा करावा लागेल. तीन फूट व्यासाच्या आणि चार फूट खोलीच्या, बाजूला भोके असलेल्या आरसीसी रिंग घ्या. रिंगच्या बाहेरून जिओटेक्सटाइल कापड (पाणी आत सोडणारे, पण माती अडवणारे) गुंडाळून भोवती खडी भरा, तळालाही सहा इंच खडी टाका आणि पंप त्यावर विटा रचून ठेवा. तीन फूट व्यासात एका फुटाला २०० लिटर पाणी मावते. फ्लोटची वायर अशी बांधा की पाणी दीड फूट चढल्यावर पंप सुरू व्हावा. मग आजच्या आवकीला तो तासाला तीनच वेळा सुरू होईल. खोदण्याआधी इमारतीच्या इंजिनिअरकडून कॉलमच्या फुटिंगची (पायाची) जागा व खोली जाणून घ्या आणि खड्डा त्यापासून लांब ठेवा. गाळाकडेही गाळ म्हणून पाहू नका. पंप रोज गढूळ पाणी फेकत असेल, तर तो फरशीखालची माती फेकत असतो. कापड आणि खडी त्यासाठीच आहे.

आणखी एक शंका येते. काळी माती पाणी लवकर सोडत नाही, परंतु तळघराच्या भिंतीबाहेर भरताना बहुधा मुरूम आणि राडारोडाच टाकतात आणि ती भर मडक्यासारखी पाणी धरते. तुमचे गटार तिथेच आहे, तेव्हा पंपाने त्यात सोडलेले पाणी त्या भरीतून झिरपून पुन्हा तुमच्याच खड्ड्यात येत असावे. दोन दिवस होज पाइप लावून पाणी चाळीस फूट लांब सोडा आणि मग तेच पाच इंच पुन्हा मोजा.

इन्व्हर्टर घ्यायचा असेल, तर पंपाच्या वॅटवर न जाता सुरू होतानाचा भार सोसेल असा घ्यावा. डिझेल किंवा पेट्रोलवरचा पंप तळघरात कधीही चालवू नये, कारण त्याचा विषारी धूर वास न येताही माणूस मारतो. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवा, आणि खड्ड्यात हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद. दरवर्षी मृग लागण्यापूर्वी गाळ काढा आणि फ्लोट हाताने न उचलता बादल्यांनी पाणी ओतून पंप चालवून पाहा; वायर कुठे अडकते, ते तेव्हाच दिसते.

महापुराचा प्रश्न वेगळा आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांची इशारा पातळी गाठली गेली की गाड्या वर काढाव्यात, आणि रॅम्पवरून पाणी येऊ लागल्यास वीज तोडून पंप बंद करावा. बाहेर पाणी आणि आत कोरडे, अशा स्थितीत एक मीटरच्या फरकाला दर चौरस मीटरवर सुमारे एक टन दाब येतो. त्याने फरशी उचलली जाते आणि भिंत फुटते. पूर ओसरल्यावरही बाहेरची पातळी जशी उतरेल, तसतसे काही दिवसांत थोडे थोडे उपसावे.

धागाकर्त्याचे उत्तर

आपण सांगितल्याप्रमाणे होज पाइप लावून दोन दिवस पाणी समोरच्या मोठ्या नाल्यात सोडले. या दोन दिवसांत पावसाचा जोर पूर्वीसारखाच होता. काल संध्याकाळी मोजले तेव्हा पाच इंच चढायला तीन मिनिटे दहा सेकंद लागले, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पाणी आमचेच फिरून येत होते आणि त्याच पाण्यासाठी आम्ही विजेचे बिल भरत होतो. व्हॉल्व्ह आज बसवला. भोकातून पिचकारी उडताच वॉचमन पाइप फुटला म्हणून धावत वर आला. खड्ड्याचे काम आता पाणी उतरल्यावर, दिवाळीनंतरच काढावे लागेल. तोवर जुन्या खड्ड्यातच पंप विटांवर ठेवून फ्लोटची वायर जमेल तितकी लांब सोडली, तर चालेल का? वायर लांब केली की फ्लोट विटांच्या भिंतीला घासतो, एवढीच भीती वाटते.