हॉटेलच्या स्वयंपाकघरातून पणजीच्या कलाक्षेत्रात

प्रश्न: पणजीतील एका हॉटेलात मी १४ वर्षे स्वयंपाकी आहे आणि सुटीच्या दिवशी चित्रे काढतो. आता पूर्णवेळ कलाक्षेत्रात यावे असे मनापासून वाटते. मात्र पदवी नसताना सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १: आल्तिनोवरील गोवा कला महाविद्यालयाची पदवी चार वर्षांची असल्यामुळे, घर चालवणाऱ्या माणसाला ती झेपेलच असे नाही. त्यापेक्षा कलादालनात चित्रांची मांडणी, प्रकाशयोजना आणि बांधणी शिकावी. शेकडो पानांची मेजवानी वेळेवर वाढणाऱ्याची शिस्त तेथे फार उपयोगी पडते. नोकरी मात्र लगेच सोडू नये.

प्रतिसाद २: स्वयंपाक मागे टाकायलाच हवा, हे मला पटत नाही. २०१६ पासून पणजीत डिसेंबरमध्ये भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात चित्र-शिल्पांबरोबर पाककलेचाही स्वतंत्र विभाग असतो, आणि सुबोध गुप्ता यांनी तर स्टीलच्या साध्या भांड्यांतून प्रचंड शिल्पे उभी केली आहेत. आपण काय रंगवता?

प्रश्नकर्ता: भट्टीजवळचे हात, काळवंडलेली पातेली आणि पहाटेची मासळी. आपले म्हणणे वाचून ती चित्रे आज प्रथमच एकत्र मांडून पाहिली.