त्याच्या घरी नक्की जा

मित्र अपघातात गेला, आता त्याच्या आईसमोर जाऊन बोलू काय, असं तुम्ही विचारलंय. काही बोलू नका, पण जा. माझा जिवलग मित्र गणपतीला गावी येताना संगमेश्वरजवळ हायवेवर गेला. घरात मखर अर्धं बांधलेलं, सुतकामुळे तसंच राहिलं. काकी मला बघून खूप रडल्या, मग त्याच्या लहानपणच्या खोड्या सांगत बसल्या. त्याच्याबद्दल बोलायला त्यांना माणूस हवं होतं. बाराव्यानंतर पाहुणे पांगतात, तेव्हा तर जाच. आणि कागदपत्रं तुम्ही हातात घ्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने भरपाईच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातलीय. एफआयआर आणि पंचनाम्याच्या नकला आत्ताच काढून ठेवा.