थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकायचा की बदलायचा?

प्रश्न
वडिलांची ८०० सीसीची जुनी गाडी आहे, कार्ब्युरेटरवाली. साखरप्याहून आंबा घाट चढताना काटा लालवर गेला. बॉनेट उघडलं तर इंजिन धगधगतंय, पण रेडिएटरकडे जाणारा वरचा होज नुसता कोमट. मिस्त्री म्हणतात, थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, उघडत नाही; काढून फेकू, सगळेच काढतात. मी स्वतः खोलायला गेलो, पण झाकणाचे दोन्ही बोल्ट गंजलेत. पाना घसरायला लागला तसा थांबलो. गाडी विकायची नाही. काय करू?

उत्तर १
आमच्या चंद्रपुरात मी आठ वर्षं व्हॉल्व्हविना चालवली. गरम कधी झाली नाही. पण डिसेंबरात सकाळी थंड इंजिनसाठी ओढलेला चोक परत आत दाबता येत नाही, लवकर दाबला की गाडी बंद. अॅव्हरेजही पडला.

उत्तर २
दादा, थांबलात ते फार चांगलं केलंत. झाकण अॅल्युमिनियमचं असतं, बोल्ट आत तुटला तर ड्रिल मारत बसावं लागतं. मी तीस वर्षं हेच काम करतोय. सांगतो तसं करा.

इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभी राहिलेली गाडी. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, तोंडावर वाफ येते. कूलंट जुन्या टबात काढा आणि लगेच झाकून ठेवा. ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात. बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी सॉकेट लावून आधी किंचित आवळा, मग सोडवा; पाव फेरा मागे, थोडा पुढे. जोर करायचाच नाही.

व्हॉल्व्ह निघाला की दोऱ्याला बांधून पाण्यात उकळा. भांडं स्वयंपाकाचं नको आणि व्हॉल्व्ह तळाला टेकू देऊ नका. आतलं मेण वितळून फुगतं आणि तोंड उघडतं. साधारण ८२ अंशाला सुरुवात व्हायला हवी. उकळत्या पाण्यातही मिटलेलाच राहिला तर तो गेला.

मग नवा घाला, जागा रिकामी सोडू नका. इंजिन नीट तापलंच नाही तर पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमध्ये चिखल धरतो. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, लोंबती बारीक पिन वरच्या अंगाला, म्हणजे अडकलेली हवा निघते. जुनं गॅस्केट पूर्ण खरवडून काढा. आणि बोअरचं पाणी बंद करा, भाऊ. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

प्रश्नकर्ता
काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. एक बोल्ट लगेच सुटला, दुसऱ्याला दोन रात्री लागल्या. व्हॉल्व्हवर पांढरा चुन्यासारखा थर होता, नखानेही निघेना. जुना आणि नवा एकाच डब्यात सोडले. नव्याने बघता बघता तोंड उघडलं, जुना पाच मिनिटं उकळूनही तसाच. तीन वर्षं मी त्यात बोअरचंच पाणी ओतत होतो. काल आंब्याला जाऊन आलो. काटा मधेच राहिला.