एचओ लेआउट, डीसीसी: टेबलाखालच्या वायरींना कुठले रंग द्यावेत?

कर्जत_बँकर
नमस्कार मंडळी. बोर घाटावर बेतलेला एचओ (१:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेचा) लेआउट उभारतोय, आठ बाय चारच्या दोन प्लायवर, एल आकारात. कर्जत यार्डाचे रूळ बसलेत, आता खालून वायरी ओढायच्यात. डीसीसी (रुळांतूनच इंजिनांना वीज आणि डिजिटल हुकूम), पाच अँपिअरचा बूस्टर (रुळांना ती वीज पुरवणारा). सांधे (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारे) स्लो-मोशन मोटरवर, सिग्नल चार-अ‍ॅस्पेक्टचे (चार संकेत दाखवणारे), शिवाय स्टेशनातले आणि वस्तीतले दिवे. घराचं वायरिंग केलं तेव्हाची दीड एमएमची लाल आणि काळी कॉइल उरली आहे, तीच रुळांच्या बसला (टेबलाखालून जाणाऱ्या मुख्य जाड जोडीला) लावावी म्हणतो. इंजिनातल्या डीकोडरलाही (डीसीसीचे हुकूम वाचणाऱ्या सर्किटला) उजव्या रुळाची वायर लाल आणि डाव्याची काळी असते, त्यामुळे जुळेलही. बाकीच्यांना काय रंग देता? ठरलेला नियम आहे का?

पॅनेलवाला_भोसरी
लेआउटच्या पोटातल्या वायरींना बांधील असा नियम नाही. एनएमआरएने (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने) ठरवलेले रंग डीकोडरचे आहेत: लाल-काळी रुळाकडून, नारिंगी-करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी दिव्यांची कॉमन. ते इंजिनाच्या आत. प्लायखाली काय वापरायचं ते तुम्ही ठरवायचं.

पण ती लाल-काळी कॉइल बसला लावू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. माझा धंदा कंट्रोल पॅनेल वायर करण्याचा. आपल्याकडे दीड एमएमची लाल-काळी जोडी दिसली की ती फेज-न्यूट्रल, असंच कुठलाही वायरमन धरून चालतो. तुमच्या टेबलाखाली अ‍ॅडॉप्टरसाठी २३० व्होल्टचा बोर्ड येणार, कदाचित ट्यूबचीही वायर जाईल. पाठीवर झोपून, बॅटरीच्या उजेडात हात घालायचाय तिथे. पंधरा व्होल्टची लाल आणि २३० ची लाल एकमेकींशेजारी नकोतच. तुम्हाला लक्षात राहील, पण पुढे दुसरं कुणी हात घालेल त्याचं काय? जाडी बरोबर निवडलीत, फक्त रंग बदला. निळी-पांढरी घ्या. निळी कुठे थ्री-फेजमधल्या बी-फेजला असते खरी, पण निळी-पांढरी अशी जोडी घरच्या वायरिंगात सहसा नसते. आणि जाड हिरवी अर्थिंगशिवाय कशालाच लावायची नाही.

आता निळा रूळ कोणता? ‘टेबलाच्या कडेचा’ असं ठरवू नका, गाडी वळसा घेऊन मागच्या बाजूला गेली की तोच रूळ भिंतीकडे जातो. मनातल्या मनात एक ट्रॉली पुण्याकडे ढकला. तिच्या उजव्या हाताचा रूळ निळा, सगळ्या लेआउटभर. अप आणि डाउन दोन्ही मार्गांवर पुण्याकडे तोंड करूनच मोजायचं, नाहीतर क्रॉसओव्हरवरून (एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या जोडरुळावरून) पहिली गाडी नेताच शॉर्ट होईल. बलून लूप (गाडी फिरून त्याच मार्गावर उलटी येते तो फेरा) असेल तर ऑटो-रिव्हर्सरच्या (तिथली पोलॅरिटी आपोआप उलटवणाऱ्या सर्किटच्या) पुढची जोडी निराळ्या रंगांची ठेवा, कारण तिथे पोलॅरिटी उलटत राहते.

पॅनेलमध्ये मेन स्विच पाडला तरी जी वायर जिवंत राहते तिला यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या आयईसी ६०२०४-१ मानकाप्रमाणे नारिंगी रंग असतो. तुमच्याकडे बूस्टर बंद केला तरी सांध्यांची आणि दिव्यांची १२ व्होल्टची बस चालूच राहणार, कारण तिचा अ‍ॅडॉप्टर वेगळा. म्हणून तिला नारिंगी, परतीला करडी. लाल मुद्दाम लांब ठेवली, बॅटरीच्या उजेडात लाल आणि नारिंगी सारख्याच दिसतात. फ्रॉगची (सांध्यात दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या तुकड्याची) पोलॅरिटी सांध्याबरोबर बदलते, तिला जांभळी. तो रंग दुसरीकडे कुठेही वापरू नका.

सिग्नलला ज्याचा त्याचा रंग, पण एक मेख आहे. पिवळे दिवे दोन. एकेरी पिवळ्याला खालचा एकटाच पेटतो, दुहेरीला दोन्ही. खालच्याला साधी पिवळी वायर द्या, वरच्याच्या पिवळीला दोन्ही टोकांना काळी स्लीव्ह चढवा.

नेकारवरचा_गार्ड
स्टुटगार्टहून लिहितोय. इथल्या क्लबात मेर्कलिन कंपनीची थ्री-रेल (दोन रुळांच्या मधे तिसरा कंडक्टर) आहे: मधल्या कंडक्टरला लाल, रुळांना तपकिरी, दिव्यांना पिवळी. कंपनीचीच पद्धत असल्याने नवा सभासदही पहिल्या दिवशी टेबलाखाली काम करू शकतो. रंग तुम्ही कुठलेही घ्या, पण तक्ता लिहून प्लायच्या खालच्या बाजूलाच चिकटवा. वहीत लिहिलेला तक्ता हवा तेव्हा माडीवर असतो.

एन_ठाणे
मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. पुरुषांत हे बऱ्यापैकी आढळतं, तेव्हा पाहुणे मदतीला बोलावणार असाल तर हेही धरा. माझ्या लेआउटवर फक्त निळी आणि पिवळी, बाकी सगळं फेरूलच्या (वायरीवर चढवायच्या नंबरी कड्यांच्या) आकड्यांवर.

कर्जत_बँकर
पॅनेलवाले काका, लाल-काळी बाद केली. नारिंगी, जांभळी बारीक वायर सुट्या मीटरवर मिळेल का? फीडरला (बसपासून रुळापर्यंतच्या बारीक वायरीला) किती जाड घेऊ? आणि फेरूल घालायचेच का?

पॅनेलवाला_भोसरी
पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथे बारीक वायर मीटरवर मिळते. फीडरला ‘चौदा-छत्तीस’ मागा, म्हणजे छत्तीस गेजच्या चौदा तारा, साधारण ०.४ चौरस मिलिमीटर. फीडर फूटभरापेक्षा लांब नको, रंग मात्र बसचाच. फेरूल एन_ठाणे म्हणतात तसे जरूर घाला, आणि सोल्डर करण्याआधी घाला. नंतर ते वायरीवर चढत नाहीत. सांधा क्रमांक ७ ची प्रत्येक वायर ७ ने सुरू झाली पाहिजे, मग रंग धुळीने मळला तरी अडत नाही.

फीडरची प्रत्येक जोडी जोडली की पुढे जाण्याआधी रुळांवर आडवं नाणं ठेवून बघा. बूस्टर लगेच ट्रिप झाला पाहिजे. झाला नाही तर रंगांकडे बघू नका; आधी त्या ठिकाणचा जोड तपासा, मग बसची जाडी.