गेलिक फुटबॉल: ओढाओढीला शिक्षा किती?

गोदाकाठ (नाशिक): इथल्या मुलांसाठी गेलिक फुटबॉलचे (चेंडू हातानेही आणि पायानेही खेळायचा आयरिश खेळ) अर्ध्या तासाचे सामने ठरवतोय. पाडणं, जर्सी ओढणं याला पिवळं कार्ड पुरेल?

पंचवटीकर: नाही पुरत. पिवळं म्हणजे नुसती ताकीद, म्हणूनच आयर्लंडमध्ये 2014 मध्ये काळं कार्ड आलं. मुद्दाम खाली ओढणं, पाय घालून पाडणं, चेंडू पुढे गेल्यावर अंगावर धडकणं, यांना ते मिळतं. आधी त्या जागी बदली खेळाडू यायचा, म्हणजे संघाचं नुकसान फारसं नाहीच. 2020 पासून 10 मिनिटं बाहेर, आणि संघ 15 वरून 14 वर. सामना तासाचा धरला तर तुमच्याकडे 5 मिनिटं ठेवा. खेळ थांबला की शिक्षेचं घड्याळही थांबवा, नाहीतर नाडी बांधण्यात वेळ काढतात. ठोसा मारला तर थेट लाल, इथे सवलत नकोच.

सिडको_रेफ्री: खरी गोची चेंडूपासून लांब होते. रेफ्रीची नजर चेंडूवर आणि मागे कोपर खुपसणं चालू! दोन्ही गोलांजवळचे दोन-दोन अंपायर आणि लाइन्समन यांना ते काम स्पष्ट नेमून द्या. हुज्जत घातली तर फ्री किक 50 मीटर पुढे, हा 2025 चा नियम जरूर घ्या. मैदान लहान असेल तर अंतर कमी करा.